वाढप्यांची पंगत शेवटची

बिझनेस क्लासच्या तिकिटासाठी लाखांच्या घरात रक्कम मोजलेल्या प्रवाशाला मध्येच कळते, की शेजारच्या सीटवरची तरुणी विमान कंपनीचीच कर्मचारी आहे आणि तिने तिकिटाचे जवळजवळ काहीच दिलेले नाही. त्याला राग येतो. तीच सीट, तेच जेवण, तेच पांघरूण. एकाने वर्षाची शिल्लक ओतली आणि दुसरीला ते नोकरीच्या ओळखपत्रावर मिळाले. आपल्याकडे या रागाला आणखी धार आहे, कारण आतल्या माणसांची सोय कशी लावली जाते हे आपण रेल्वेपासून मंत्रालयापर्यंत सगळीकडे पाहत आलो आहोत. हा राग समजण्यासारखा आहे, पण तो बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर निघतो. माझे म्हणणे असे: कर्मचाऱ्याने महागड्या वर्गात फुकट बसण्यात काहीही गैर नाही, जोवर त्या जागेसाठी मागे राहण्याची तयारी त्याने ठेवलेली आहे. मागे राहण्याची शक्यता संपली, की तीच सवलत दुसऱ्याच्या हक्कावर अतिक्रमण ठरते. या दोहोंमधली रेषा आपण नीट ओढत नाही, म्हणून निरपराध माणसाला बोल लागतो आणि खरी आगळीक नजरेआड राहते.

बाहेरून दिसते तसे स्टाफ तिकीट एकाच प्रकारचे नसते. ‘आर-वन’ म्हणजे पक्की जागा; विकत घेतलेल्या तिकिटासारखीच ती राखून ठेवलेली असते. ‘आर-टू’ म्हणजे जागा उरली तर. विमानतळावरची माणसे त्यालाच ‘सबलो’ म्हणतात. लोड, म्हणजे विमान किती भरले आहे, ते पाहून काय ते ठरणार. सुट्टीवर निघालेल्या सामान्य कर्मचाऱ्याच्या हाती बहुधा हे दुसरे तिकीट असते. स्वतःच्या कंपनीत ते फुकट किंवा फक्त कर भरून मिळते. दुसऱ्या कंपनीच्या विमानासाठी अंतराच्या टप्प्यांनुसार ठरलेली सवलतीची भाडी असतात. अनेक कंपन्या एकमेकींच्या माणसांना अशी सोय देतात.

हे तिकीट हाती असणे म्हणजे काय, ते चेक-इन काउंटरपाशी पाहावे. मध्यरात्रीनंतर सुटणारे परदेशी विमान, काउंटर बंद व्हायला थोडाच वेळ उरलेला. रांगेच्या बाहेर दोन-तीन कुटुंबे बॅगा पायाशी ठेवून उभी असतात. फोनवर पुन्हा पुन्हा लोड पाहणे चालू असते. संध्याकाळी सोळा जागा मोकळ्या होत्या, आता चार उरल्या आहेत. आधीचे एखादे विमान रद्द होऊन त्याचे प्रवासी इकडे वळवले, की त्या चारही गेल्या. मग बॅगा उचलायच्या, आजीकडे निघालेल्या मुलाची समजूत घालायची आणि उद्या पुन्हा यायचे. हेच परतीच्या वाटेवर परक्या शहरात घडले, तर हॉटेलचा खर्च पदरचा आणि ड्युटी चुकण्याचा घोर वेगळा. २०२४ साली जगभरातल्या विमानांत सरासरी ८३.५ टक्के जागा भरलेल्या होत्या. ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या नोंदीत तो तोवरचा उच्चांक होता. उरलेल्या जागेच्या भरवशावर घराबाहेर पडणे त्यामुळे पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे.

जागा मिळाली तरी वागण्याचे नियम असतातच. कपडे नीटनेटके हवेत. जेवणात पसंती सांगायची ती पैसे भरलेल्यांची सांगून झाल्यावर. आपण स्टाफ आहोत याचा गाजावाजा करायचा नाही. २०१७ च्या मार्चमध्ये अमेरिकेत डेन्व्हर विमानतळावर युनायटेड कंपनीने दोन मुलींना लेगिंग्ज घातल्या म्हणून विमानात चढू दिले नाही आणि त्यावर जगभर गदारोळ उठला. त्या मुली कर्मचाऱ्यांच्या सवलतीवर प्रवास करत होत्या. साध्या प्रवाशाला तो नियम नव्हता. नियम योग्य होता की जाचक, हा वाद राहू दे. फुकट बसणाऱ्याकडून पैसे भरणाऱ्यापेक्षा जास्त शिस्तीची अपेक्षा धरली जाते, एवढे त्यातून दिसते. संरक्षण मात्र त्याला कमी मिळते. विलंब झाला, विमान रद्द झाले, जागा नाकारली, तर प्रवाशाला भरपाई देणारा युरोपीय संघाचा २००४ चा नियम प्रसिद्ध आहे. फुकट किंवा सर्वसामान्यांना न मिळणाऱ्या सवलतीवर प्रवास करणाऱ्यांना त्याच नियमाने वगळलेले आहे.

आता जागेच्या किमतीचा विचार. दुकानातला न विकलेला शर्ट उद्या विकता येतो. विमानाचे दार बंद झाले, की रिकाम्या सीटचे उद्या काहीच येत नाही. त्या सीटवर कर्मचारी बसला तर कंपनीला खर्च येतो तो एका जेवणाचा आणि त्याच्या वजनापुरत्या जादा इंधनाचा. शेजारच्या प्रवाशाने भरलेल्या रकमेतून त्यासाठी काही कापले जात नाही, आणि सीट रिकामी राहिली असती तर त्याचे भाडे एका रुपयानेही उतरले नसते.

अमेरिकेच्या करकायद्याने हा विचार फार नेमकेपणाने मांडला आहे. १९८४ साली तिथे कर्मचाऱ्यांच्या सवलतींचे नियम घालून दिले गेले. मालकाला लक्षणीय जादा खर्च न येता दिलेली सेवा करमुक्त, असे त्यांत म्हटले आहे आणि बुडालेले उत्पन्नही खर्चातच धरायला सांगितले आहे. नियमावलीत उदाहरणही विमानाचेच आहे: कर्मचाऱ्याला खासगी प्रवासासाठी जागा आधीच राखून दिली, तर कंपनीने ती विकण्याची संधी सोडली असे होते, म्हणून त्या प्रवासाला ही करमाफी नाही. पुढची अट त्याहून मोलाची आहे. ही सवलत वरच्या पगाराच्या लोकांनाच झुकते माप देणारी असेल, तर त्या वरच्यांची करमाफी जाते. फुकट जागा कधी रास्त आणि कधी नाही, याचे उत्तर या दोन अटींत आले आहे: जागा उरलेली हवी आणि ती साहेबाला व शिपायाला सारख्याच अटींवर मिळायला हवी.

आपल्या आयकर नियमांतही वाहतूक कंपनीने कर्मचाऱ्याला दिलेला फुकट प्रवास ही करपात्र सवलत मानली आहे, आणि त्यातून विमान कंपन्या व रेल्वे यांच्या कर्मचाऱ्यांना सरसकट वगळले आहे. या सुटीला जागा उरल्याची अट नाही की समानतेची नाही. सूट रास्त आहे, पण कशासाठी ती दिली याचा विचार त्यात उतरलेला नाही. म्हणूनच आपल्याकडे ही सवलत नोकरीच्या मानपानात जमा होते आणि मानपान म्हटला की तो पायरीप्रमाणेच वाटला जातो.

मराठी माणसाला खरे तर हे तत्त्व शिकवावे लागू नये. लग्नाच्या जेवणावळीत पाहुण्यांच्या पंगती आधी उठतात आणि ज्यांनी दिवसभर वाढले ते, घरच्या माणसांसह, शेवटच्या पंगतीला बसतात. जिलबी संपली असेल तर ते कुरकुरत नाहीत. पण त्यांचे पान वेगळ्या अंगणात मांडले जात नाही. पाहुणे बसले त्याच मांडवात, त्याच पाटांवर ते बसतात आणि कोणी त्यांना फुकटे म्हणत नाही. त्यांचा हक्क आणि त्यांचे शेवटी असणे या दोन्ही गोष्टी एकत्रच येतात. विमानातल्या कर्मचाऱ्यालाही हेच लागू आहे.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की महागड्या वर्गाचे पैसे भरणारा माणूस निवडक सहवासाचेही पैसे भरतो आणि फुकट बसणाऱ्यामुळे ते निवडकपण जाते. मला हा आक्षेप मान्य नाही. त्या वर्गात बसलेल्यांनी भरलेल्या रकमा मुळातच सारख्या नसतात. कोणाचे तिकीट कंपनीने घाऊक सवलतीत काढलेले, कोणी क्रेडिट कार्डाचे पॉइंट वापरलेले, कोणी शेवटच्या दिवशी थोडी रक्कम भरून इकॉनॉमीतून वर आलेला. प्रवाशाने विकत घेतली आहे ती आडवी होणारी सीट, जेवण, जादा सामान आणि रांगेतली अग्रता. यांतले काही कमी पडले तर त्याने जरूर भांडावे. शेजाऱ्याने किती भरले हे जाणण्याचा किंवा त्यानेही तितकेच भरावे असा आग्रह धरण्याचा अधिकार त्या तिकिटात नाही.

दुसरा आक्षेप भक्कम आहे. सीट रिकामीच असेल तर ती इकॉनॉमीतल्या पैसे भरलेल्या प्रवाशाला का देऊ नये? मागे गुडघे दुखणारी आजी नऊ तास अवघडून बसलेली असताना पुढे कर्मचाऱ्याने पाय पसरावेत, हे मनाला पटत नाही. याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल. रिकाम्या सीट रोज प्रवाशांना वाटल्या, तर वरच्या वर्गाचे तिकीट काढणारे बरेच जण ते काढायचे थांबतील आणि वाटणीची वाट पाहतील. मग तो वर्गच टिकणार नाही. कर्मचारी मुळात त्या तिकिटाचा गिऱ्हाईक नसतो, त्यामुळे त्याला बसवल्याने विक्री बुडत नाही. धंद्याच्या अंगाने हे उत्तर पुरेसे आहे.

माणुसकीच्या अंगाने ते अपुरे आहे आणि तिथे आक्षेप घेणाऱ्याचे म्हणणे मी मान्य करतो. रिकाम्या सीटवर कर्मचाऱ्याच्या आधी काही जणांचा हक्क असलाच पाहिजे: पैसे किंवा पॉइंट भरून वर यायला तयार असलेला प्रवासी, इकॉनॉमी भरल्यामुळे जागा न मिळालेला प्रवासी, ज्याची सीट मोडकी निघाली तो प्रवासी आणि आजारी पडलेला किंवा प्रकृतीमुळे बसवत नसलेला प्रवासी. या सगळ्यांची सोय झाल्यावर उरेल ती जागा कर्मचाऱ्याची. मागे मोडक्या सीटवर पैसे भरलेला माणूस तिरका बसला आहे आणि पुढे कर्मचारी आडवा झाला आहे, असे एकाही विमानात घडता कामा नये.

उरणारी ही जागा आपोआप कमी होत चालली आहे, हेही लक्षात घ्यावे. अमेरिकेतल्या डेल्टा कंपनीच्याच सांगण्यानुसार दीड दशकापूर्वी पुढच्या वर्गातल्या फार थोड्या जागांचे पैसे मिळत आणि बाकीच्या वाटल्या जात. आज बहुतांश जागा विकल्या जातात. निघण्याच्या आदल्या दिवशी ‘थोडे पैसे भरा आणि पुढे बसा’ असा संदेश फोनवर येतो, तो याच विक्रीचा भाग. सामान्य कर्मचाऱ्याच्या वाट्याची बिझनेस क्लासची सीट त्यामुळे दुर्मीळ होत आहे. त्याची त्याला तक्रार नसावी. उरलेल्यावर हक्क सांगणाऱ्याने उरणार किती, हे ठरवायचे नसते.

मग आगळीक कुठे होते? पक्क्या जागेत. वैमानिक किंवा केबिन क्रू पुढच्या विमानावर कामाला निघाले असतील, तर त्यांना पक्की जागा द्यावीच लागते. ते पोहोचले नाहीत तर दुसरीकडे दीडशे-दोनशे प्रवासी खोळंबतील. लांबच्या उड्डाणात वैमानिकाला विश्रांतीची जागा मिळणे ही तर सुरक्षिततेची बाब आहे. पण कामासाठी दिलेल्या जागेचे नियोजनही वेळेवर व्हायला हवे. ९ एप्रिल २०१७ रोजी शिकागोहून लुईव्हिलला निघालेल्या युनायटेडच्या विमानात प्रवासी बसून झाल्यावर कंपनीला आठवले, की चार कर्मचाऱ्यांना पुढे न्यायचे आहे. चौघांना उतरायला सांगितले गेले. एका वयस्क डॉक्टरने नकार दिला, तेव्हा विमानतळाच्या सुरक्षारक्षकांनी त्यांना ओढत बाहेर नेले. त्यांचे नाक मोडले, दात पडले. ते दृश्य जगाने पाहिले. त्यानंतर कंपनीने आपल्या क्रूची जागा किमान तासभर आधी ठरवण्याचा नियम केला आणि बसलेल्या प्रवाशाला असे उठवण्यावर पुढच्याच वर्षी अमेरिकी संसदेने कायद्याने बंदी घातली. त्या चार कर्मचाऱ्यांचे काम खरे होते. चुकले ते त्यांच्यासाठी बसलेल्या माणसाला उठवणाऱ्यांचे.

काम नसताना, किंवा कामाच्या नावाखाली केवळ हुद्द्यावर मिळणारी पक्की जागा याहून वाईट. वरच्या अधिकाऱ्याच्या नावावर बिझनेस क्लासची सीट आठवडाभर आधी राखली जाते, तेव्हा ती विक्रीतूनच काढून घेतलेली असते. तिथे उरलेली जागा हा युक्तिवाद लागू होत नाही. म्हणून २०२५ साली एअर इंडियाने घेतलेला निर्णय मला महत्त्वाचा वाटतो. देशांतर्गत प्रवासात मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासह वरिष्ठ अधिकाऱ्यांनी इकॉनॉमीत बसायचे आणि पुढची सीट सुटण्याच्या तोंडावरही विकली गेली नसेल तरच तिकडे जायचे, असे कंपनीने ठरवले. त्यामुळे वाचलेल्या जागा फार नसतील. पण कंपनी चालवणारा माणूस आता त्याच अरुंद सीटवर बसेल, तेच जेवण घेईल, त्याच स्वच्छतागृहाच्या रांगेत उभा राहील. जे.आर.डी. टाटा एअर इंडियाच्या विमानातून प्रवास करताना सीटची पाठ किती कलते इथपासून चहाच्या रंगापर्यंत बारीकसारीक दोष टिपून संबंधितांना लिहून कळवत असत. विमानात बसलेल्या वरिष्ठाचा प्रवाशाला खरा उपयोग होतो तो असा, आणि त्यासाठी तो बहुसंख्य प्रवासी बसतात तिथेच बसलेला बरा.

प्रवासी आणि कर्मचारी यांच्यातल्या वादात एक तिसरा माणूस कोणाच्याच लक्षात येत नाही. आपली बॅग विमानाच्या पोटात चढवणारा लोडर. लहान विमानाच्या सामानकक्षात उभे राहता येत नाही. मुंबईच्या मे महिन्यात तो गुडघ्यांवर सरकत, वीस-वीस किलोच्या बॅगा एकावर एक रचत असतो. २०२४ च्या जुलैत मुंबईत कलिना इथे अशाच कामाच्या भरतीसाठी हजारो तरुण लोटले. गर्दी आवरेना, तेव्हा अर्ज ठेवून घरी जा असे त्यांना सांगण्यात आले. ही कामे आता बहुतेक ग्राउंड हँडलिंग कंपन्यांकडे आहेत आणि कंत्राटावरच्या माणसाला विमानाच्या तिकिटाची सवलत सहसा मिळत नाही. ज्या विमानाचे पोट तो रोज भरतो, त्यात बसून आईला एकदा तिरुपतीला न्यायचे तर त्याला पूर्ण भाडे मोजावे लागते. उरलेली जागा विमान उडवण्यात हात असलेल्या सगळ्यांची आहे, हे तत्त्व खरे असेल तर ते लोडरपर्यंत पोहोचायला हवे. नेमणुकीचे पत्र कोणत्या कंपनीचे आहे, यावर ते अडता कामा नये.

ही सवलत पगाराची जागा घेऊ शकत नाही, हेही कर्मचाऱ्यांनी विसरू नये. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ च्या रात्री थांबली, तेव्हा मुंबईतल्या कितीतरी मराठी घरांत महिन्यांचे पगार थकलेले होते. कंपनी गेली आणि तिच्याबरोबर स्टाफ तिकिटेही गेली. घराचा हप्ता उरलेल्या सीटने फेडता येत नाही. कमी पगार देऊन ‘तुम्हाला जग फुकट पाहायला मिळते’ असे सांगणाऱ्या व्यवस्थापनाला तिथेच थांबवले पाहिजे.

आता उपाय. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, २०२३ च्या फेब्रुवारीपासून नियम केला आहे, की प्रवाशाला त्याने घेतलेल्या वर्गापेक्षा खालच्या वर्गात बसवले, तर देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत करावी. परदेश प्रवासात अंतरानुसार ३०, ५० किंवा ७५ टक्के. नियम चांगला आहे. त्याच्या जोडीला आणखी तीन गोष्टी बंधनकारक व्हाव्यात. प्रवाशाला खाली बसवले किंवा विमानातच घेतले नाही, तर त्या वेळी वरच्या वर्गात स्टाफ तिकिटावर कोणी बसले होते का, याची नोंद कंपनीने ठेवावी आणि प्रवाशाने विचारल्यास नाव न सांगता हो किंवा नाही असे लेखी उत्तर द्यावे. खासगी प्रवासासाठी पक्की जागा कोणत्याही हुद्द्याला मिळू नये. आणि उरलेल्या जागांचा क्रम नोकरीच्या वर्षांवर किंवा आधी आलेल्याला आधी या तत्त्वावर लागावा, पदावर लागू नये.

यांतली एकही मागणी कर्मचाऱ्याच्या विरोधात नाही. उलट त्यांमुळे त्याच्या हक्कावरचा संशय धुऊन निघेल. कामावर न निघालेले कोणी शेजारी फुकट बसले आहे असे कळले, तर प्रवाशाने दोन प्रश्न विचारावेत. ही जागा शेवटपर्यंत विकायला होती का? आणि जागा उरली नसती, तर हा माणूस मागे राहिला असता का? दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर आपले काहीही गेलेले नाही. एकाचेही उत्तर नकारार्थी आले, तर जरूर तक्रार करावी, लेखी करावी आणि ज्याने ती जागा पक्की करून दिली त्याच्या नावे करावी.